करकोच्याची खूण

आष्टीहून नगरकडं जाणाऱ्या रस्त्यावर, निजामाची हद्द संपायच्या कोसभर अलीकडं, करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, एक नाका होता. नाका म्हणजे फार काही नाही. रस्त्यावर आडवा टाकलेला वासा, माल तपासायची ओसरी, मागं दगडी कोठार, आणि कोठाराच्या पाठीला पाठ लावून नाकेदाराच्या बिऱ्हाडाच्या दोन खोल्या. एक कडुनिंब. बाकी चारी अंगांना माळ, कुसळं आणि ऊन. जर्मनांशी चाललेल्या लढाईचं चौथं वर्ष, म्हणजे सन अठरा, चालू होतं. वैशाख अर्धा सरला होता, तेव्हा वरून हुकूम आला, की नाक्यानाक्यांवर पडून असलेला जर्मन माल तपासावा, तो कोणत्या सालचा ते लिहावं, आणि यादी आठ दिवसांत आष्टीला पोचती करावी.

नाकेदार राधाकिशन हुकूम वाचून कपाळाला हात लावून बसला. उर्दू त्याला येई, मोडी डोळे झाकून येई. पण साहेबी अक्षरं त्याला मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत. शिवाय त्या नाक्यावर जर्मन माल म्हणजे एकच पेटी होती, आणि ती अठरा वर्षांत कुणी उघडली नव्हती.

"मी सांगते की कोणत्या सालचा ते," त्याची बायको वत्सला आतून म्हणाली.

म्हणाली आणि लगेच तिला वाटलं, जरा जास्तच बोलले. वत्सलेचं हे असंच होतं. आधी बोलायची, मग भ्यायची. नगरला मिशनच्या शाळेत इंग्रजी चार इयत्ता झालेल्या, आणि त्याहून मोठी शाळा म्हणजे वडिलांचं भांड्यांचं दुकान. छावणीतल्या साहेबांची जुने काटेचमचे, बश्या तिचे वडील विकत घेत. विकणारा आला की ते आधी भांडं पालथं करीत, तळाची खूण बघत आणि विचारीत, साहेब, हे घेतलं कधी? खूण आणि साल, दोन्ही वहीत उतरवून ठेवत. वीस वर्षांत अशी वही भरली, की नुसती खूण दाखवली तर वस्तू कोणत्या चार-पाच वर्षांतली ते सांगता यावं. भांडं वरून बघशील तर ते तुला दाखवायचं तेच दाखवील, असं ते म्हणत. वडील गेले ते लढाईच्या पहिल्या वर्षात. वही तेवढी वत्सलेबरोबर सासरी आली.

पण पेटी उघडायची घाई तिला वेगळ्याच कारणानं झाली होती.

तिला सहा महिन्यांची मुलगी होती, छबू. पहिलंच मूल, आणि वत्सलेचा जीव म्हणजे टांगलेला. पोरगी झोपली की दर घटकेला ती तिच्या नाकापाशी चांदीची वाटी धरून बघे. वाटीवर वाफ धरली की हिचा श्वास खाली. ती वाटी वत्सलेच्या वडिलांनी नातवंडाच्या उष्टावणासाठी कधीचीच करून ठेवली होती. बुडाशी छबूचं नाव वत्सलेनं स्वतः छिन्नीनं ठिपका-ठिपका ठोकून घातलं होतं. 'छ'चं पोट जरा कलतं झालं होतं. घरोघरी भांडी फिरतात, नाव असलं की आपलं भांडं आपल्याकडं परत येतं.

आणि आता नांदूरघाटाहून सासूबाईंचं, तुळजाबाईंचं, पत्र आलं होतं. त्या नाक्याची जागा चांगली नाही, तिथं नाकेदारांची लेकरं दात यायच्या आत जातात, पहिल्यापासून सांगत होते. सोमवारी भारत छकडा घेऊन येतोय. लेकरू त्याच्याकडं द्या, इथं शेळीच्या दुधावर वाढवू. सुनेला तिथंच राहू द्या, राधाकिशनच्या जेवणाचे हाल नकोत.

भारत म्हणजे वत्सलेचा धाकटा दीर. पत्र वाचून तिचं दूध दोन दिवस आटलं होतं. आणि नाक्यावरची माणसं सगळा दोष त्या पेटीलाच देत, का ते मात्र सांगत नसत.

"पेटीत वाईट काही नाही असं ठरलं," तिनं नवऱ्याला विचारलं, "तर छबू इथं राहील?"

राधाकिशन माणूस वाईट नव्हता, आईला भिणारा होता. म्हणाला, तसं ठरलं तर मी स्वतः पत्र घालतो.

कोठारावरचा म्हातारा शिपाई हरिबा मात्र किल्ली देईना. त्यानं सगळी हकीकत सांगितली तेव्हा कुठं कळलं, पेटीला लोक का भितात. मोठ्या दुष्काळाच्या साली एक जर्मन पाद्रीण तान्ही मुलगी घेऊन नगरकडून बैलांच्या दमणीत आली होती. पेटीला परवाना नव्हता. परवाना येईपर्यंत पेटी राहू द्या, तुम्ही पुढं व्हा, असं सगळ्यांनी सांगितलं, तर बाई हटून बसली. पेटीत लेकीच्या वस्तू आहेत, त्या घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणाली. चौथ्या दिवशी परवाना आला, पण त्याआधी पटकी आली होती. दोघी मायलेकी बिऱ्हाडाच्या, आता छबूचा पाळणा होता त्याच खोलीत गेल्या. लिंबाखाली पुरल्या. पेटीला लाख लावून ठेवली, मागायला कुणी आलं नाही.

"मग दोन नाकेदारांची लेकरं गेली," हरिबा म्हणाला. "तवापासून हितं समदे एकटेच येत्यात. तुमीच तेवढ्या लेकरू घिऊन आलाव, बाईसाब."

"मी हरले तर मग बोला," वत्सला म्हणाली. राधाकिशननं हुकमाचा कागद पुढं केला, तेव्हा हरिबा कोठार उघडायला कबूल झाला.

*

शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमाराला ओसरीवर पेटी आली. सागवानी, हातभर लांब. लाखेची मोहोर जशीच्या तशी, तीवर फसली तेराशे नऊ, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे. राधाकिशननं ती सगळ्यांसमक्ष फोडली. झाकण उघडलं, तसा आतून वास आला. वत्सलेला वाटलं होतं, कुबट येईल, झुरळांचा येईल. आला तो तापवलेल्या दुधाचा. नुकत्याच उतरवलेल्या, कडेला साय धरत असलेल्या दुधाचा.

हरिबा दोन पावलं मागं सरला.

आत निळी मखमल होती आणि प्रत्येक वस्तूच्या मापाची खोबण. चार खोबणी भरलेल्या, पाचवी गोल, रिकामी. वत्सलेनं पहिला उचलला तो बोटाएवढा चमचा. पालथा केला. दांड्याच्या मागं चंद्रकोर, तिच्याशेजारी मुकुट, मग आठशेचा आकडा, म्हणजे हजारात आठशे भाग चांदी. जर्मनांनी ही कोर आणि मुकुट अठराशे अठ्ठ्याऐंशीपासून ठोकायला घेतली. त्यापुढं कारखान्याची खूण, एका पायावर उभा करकोचा, भोवती साधं कडं. तिनं वही उघडली. साधं कडं, सन एकोणीसशेपर्यंत. चमच्याच्या तोंडाशी नाव कोरलं होतं, लीना, आणि जन्माची तारीख, अठराशे नव्व्याण्णवचा नोव्हेंबर.

"लेकीचाच," ती म्हणाली. राधाकिशननं लिहून घेतलं. इथवर हकीकत खरी होती, आणि खऱ्या हकीकतीत भिण्यासारखं काही नव्हतं. एका आईनं मुलीसाठी चमचा घेतला होता, बस्स.

दुसरा निघाला तो आखूड दांड्याचा काटा. लहान मुलाच्या मुठीत मावेल असा. वत्सलेनं पालथा केला. तोच करकोचा, पण कडं नव्हतं, चौकट होती. वहीत वडिलांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, करकोचा चौकटीत, सन चारपासून पुढं.

"एकोणीसशे चार," ती म्हणाली.

राधाकिशनचा टाक थांबला. "मोहोर एकोणीसशेची आहे."

"वही चुकली असेल," वत्सला म्हणाली. वडिलांची वही चुकली, हे वाक्य तिनं जन्मात पहिल्यांदा उच्चारलं.

तिसरी सुरी. चौकटीखाली दोन अक्षरं वाढलेली. सन नऊ. चौथा चांगला मोठा, जाणत्या माणसाचा चमचा. त्यावर कोरही नाही, मुकुटही नाही, नुसता नव्वदचा आकडा, म्हणजे वरून चांदीचा मुलामा. करकोच्याच्या चौकटीचे कोपरे गोल झालेले. सन तेरा-चौदा. वहीतली शेवटून दुसरी नोंद.

"कुणीतरी मागून भरलंय," वत्सला म्हणाली आणि तिचं तिलाच हायसं वाटलं. "बघा, म्हणजे सगळी बनवाबनवी आहे. मेलेली बाई नगरच्या बाजारातून चमचे आणत नाही."

"लाख कुणी हलवली न्हाई, बाईसाब," हरिबा हळूच म्हणाला. "किल्ली अठरा वरीस माझ्या करगोट्याला हाय."

ती पुढं वाद घालणार होती. पण तेवढ्यात आत छबू रडली, आणि वत्सला तिला पाजायला उठली. पाजता पाजता तिच्या डोळ्यांसमोर त्या चार वस्तू एका रांगेत उभ्या राहिल्या. बोटाएवढा चमचा. मग चार-पाच वर्षांच्या मुलाचा काटा. मग नऊ-दहा वर्षांच्या मुलीची सुरी. मग पंधरा वर्षांच्या पोरीचा चमचा. पहिल्या तीन वस्तू अस्सल चांदीच्या आणि शेवटची मुलाम्याची. जशी कुणाही आईच्या हाताला पुढं पुढं पैशाची ओढ लागत जाते तशी.

पेटीत मूल वाढत होतं.

लिंबाखाली गेलेली ती सहा महिन्यांची लीना या घटकेला अठरा वर्षांची होती. आणि पाचवी खोबण गोल होती, लहान वाटीएवढी. अठराव्या वर्षी पोरीच्या मांडीवर मूल असतं. निदान आपल्याकडं तरी असतंच.

वत्सलेनं छबूला इतकं घट्ट धरलं, की पोरीनं पिणं सोडून रडायला घेतलं.

हे तिनं नवऱ्याला सांगितलं, ही तिची चूक. शिकलेल्या बाईला वाटतं, कळलेलं सांगून टाकावं. राधाकिशननं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सोमवारी छबू जाईल. यावर आता बोलणं नको."

म्हणजे पेटी खोटी पाडायला ती गेली होती, आणि चार खुणांनी तिलाच खोटं पाडलं. इतक्या इयत्ता शिकून मिळवलं काय, तर मूल आपल्याच तोंडानं घालवलं.

*

शनिवारी राधाकिशन मोहोरेची शहानिशा करायला घोडीवरून आष्टीला गेला. हरिबा ओसरीवर पंचा तोंडावर घेऊन पडला होता. पाणी भरणारी कडूबाई विहिरीवर गेली होती. ऊन असं, की लिंबाची सावलीसुद्धा बुंध्याशी गोळा होऊन बसली होती. वारा नाही, पाखरू नाही.

छबूला पाळण्यात घालून वत्सला तांदूळ निवडत होती. पोरगी किरकिरत होती. हिरड्या शिवशिवत असाव्यात. किरकिर वाढली, रडणं झालं, आणि मग मधेच थांबलं.

कोठाराच्या भिंतीपलीकडून आवाज आला. टिंग. चमचा भांड्याच्या काठाला लागावा तसा.

वत्सलेचा हात तांदळात तसाच राहिला.

टिंग.

तिनं पाळण्याकडं पाहिलं. छबू उताणी पडून भिंतीकडं बघत होती. मग तिनं तोंड उघडलं, चिमणीच्या पिलासारखं, आणि मिटलं. गळा हलला. काहीतरी गिळलं. पुन्हा तोंड उघडलं. भिंतीपलीकडून टिंग, की इकडं घोट. आणि कुणी बाई फार हलक्या आवाजात काही गुणगुणत होती. शब्द कळत नव्हते, चाल कळत होती. अंगाईला भाषा लागत नाही, हे वत्सलेला त्या क्षणी कळलं, आणि ते कळल्याचं दुःखच झालं.

ती कशी उठली ते तिला पुढंही कधी आठवलं नाही. छबूच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरा ओघळ होता. बोटानं पुसून वास घेतला. दूध. तिचं नव्हतं.

भीतीची एक गंमत असते. माणूस स्वतःसाठी भ्यालं तर पळतं. वत्सला इतकी वर्षं भीतच आली होती, म्हणून आपल्या आत दुसरं काही असेल अशी तिला शंकाच आली नव्हती. पण ते पांढरं बोट बघून तिला आला तो राग. तिनं छबूला कमरेवर घेतलं, फळीवरची वाटी उचलली, झोपलेल्या हरिबाच्या कमरेची किल्ली सोडवली आणि कोठार उघडलं.

आत काळोख थंड होता. पेटीचं झाकण उघडं होतं. काल तिनं स्वतः मिटलं होतं. बोटाएवढा चमचा मखमलीवर आडवा पडला होता, आणि ओला होता.

"बाई," वत्सला म्हणाली. मग पेटीच्या जवळ गेली. "बाई... तुमची लेक तुमच्या मागं गेली, आणि तुम्ही तिला तिथंही उपाशी ठेवलं नाहीत. मला कळलं ते. खुणा वाचता येतात मला."

काळोख ऐकत होता.

"पण ही माझी आहे. हिच्या तोंडात घास माझ्या हातचा जाईल. तुम्हाला भरवायची हौस असेल तर... ती तुमच्या घरात."

कोपऱ्यात कापड घासल्यासारखं झालं. दुधाचा वास दाटला. छबू त्या कोपऱ्याकडं हात पसरून हसली. वत्सलेनं तो हात ओढून आपल्या पदराखाली घेतला.

"हटून बसायचं मलाही येतं," ती म्हणाली. "वाटी पाहिजे ना? वाटी घ्या. मूल मिळायचं नाही."

पण नुसती वाटी कशी ठेवायची. शत्रूच्या घरीही रिकामं भांडं पाठवू नये, हे आईनं शिकवलेलं. आणि हात सवयीचे असतात. ती परत गेली, वाटीत मूठभर साखर घातली, आली, आणि वाटी पाचव्या खोबणीत ठेवली. ती तीत अशी बसली, की जणू खोबण तिचंच माप घेऊन कोरली होती. नगरच्या सोनारानं घडवलेली वाटी आणि त्याआधी कितीतरी वर्षं कोरलेली मखमल.

मग चांदीवर, तिच्या डोळ्यांदेखत, काठापासून खाली वाफ धरत गेली. कुणी अगदी जवळ तोंड नेऊन श्वास सोडावा तशी.

वत्सलेनं झाकण मिटलं आणि छबूला घेऊन उन्हात आली.

कडूबाई घागर उतरवत होती. वत्सलेनं तिला सगळं सांगितलं, जरा ताठ्यानंच. कडूबाईनं डोक्यावरची चुंबळ काढली आणि तिच्याकडं बघतच राहिली.

"नाव घातलेली वाटी ठिवली? साखर घालून?"

"हो."

"वैनी, तुमी शिकल्या-सवरल्या म्हणं. आवं, साखर घालून भांडं धाडायचं म्हंजी घरोबा झाला की. आता ती बाई वाटी परत द्याया येईल. आन मोकळी न्हाई येणार."

वत्सलेनं कोठाराच्या दाराकडं पाहिलं. नावाचं भांडं आपल्याकडं परत येतं. त्यासाठीच तर तिनं ते नाव घातलं होतं.

*

रविवारी वाटी आली नाही. छबू पोटभर प्याली, खेळली. राधाकिशन आष्टीहून आला तो गप्पच होता. मोहोर अस्सल ठरली होती. वत्सला दिवसभर विचार करत राहिली, आणि संध्याकाळच्या आत तिला वडील आठवले. भांडं पालथं कर. गोष्टसुद्धा तिनं अजून वरूनच बघितली होती.

ती हरिबापाशी जाऊन बसली. विचारलं, ती दोन लेकरं गेली, ती गेली कुठं? या खोलीत?

हरिबानं बिडी खाली ठेवली. आठवायला त्याला वेळ लागला, कारण हे त्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

"हितं न्हाई," तो म्हणाला. "पहिलं आष्टीच्या वाटंवर, गाडीत. आजीकडं नेत व्हते. दुसरं मावशीकडं धाडलं, तिसऱ्या दिशी सांगावा आला."

"आया बरोबर होत्या?"

"न्हाई. आया हितंच व्हत्या की." आणि मग, अठरा वर्षांनी, म्हातारा स्वतःच दचकला. "दोघीबी."

*

सोमवारी सकाळी भारत आला. विशीतला, मोठ्यानं बोलणारा, भावजयीची थट्टा करायला तयार. पण बिऱ्हाडातली तोंडं बघून त्याची थट्टा विरली. वत्सलेनं कालच बोलायचं ठरवलं होतं, पण बोलायची वेळ आली तेव्हा ती चुलीपाशीच घुटमळत राहिली. राधाकिशननं दुपटं गुंडाळलं, कुंची घेतली. छबूला उचलायला म्हणून तो पाळण्यापाशी वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

पाळण्यात, छबूच्या उशाशी, वाटी पालथी ठेवलेली होती. घासून पुसून, लख्ख.

घटकेपूर्वी वत्सलेनंच तिथलं अंथरूण झटकलं होतं.

कुणी हात लावेना. कडूबाई दारात पदर तोंडाला लावून उभी होती. शेवटी वत्सलेनं वाटी उचलली. खाली एक दात होता. दुधाचा, पुढचा. कोरडा, स्वच्छ. एका कोपऱ्याला तिरका टवका उडालेला.

छबूला अजून दात आला नव्हता. लीना सहा महिन्यांची गेली होती.

"भारत, गाडी जुंप," राधाकिशन म्हणाला. आवाज त्याचा नव्हता. "आत्ताच्या आत्ता ने हिला."

आणि मग वत्सला उभी राहिली, पाळणा आणि दार यांच्या मधोमध. भीती गेली नव्हती. तिला अक्षरशः कापरं भरलं होतं, दात वाजत होते. फक्त तिला कळलं, की कापऱ्यासकट उभं राहता येतं.

"छबू जाणार नाही," ती म्हणाली.

"वहिनी, आई म्हणाली..."

"भाऊजी, आईंना माझा नमस्कार सांगा. म्हणावं, इथून आईवेगळी नेलेली दोन्ही लेकरं गेली. हरिबाला विचारा. पटकीनं गेलेली लीना सोडली, तर इथं आईजवळ एकही गेलेलं नाही. त्या बाईला लेकरू नेणारे सहन होत नाहीत, किंवा लेकरांना आईवेगळं सहन होत नाही. कोणतं ते मला माहीत नाही, आणि तपासून बघायला माझ्याकडं एकच मूल आहे."

राधाकिशननं दाताकडं बोट केलं. "आणि हे?"

वत्सलेनं दात तळव्यावर घेतला, उजेडाला धरला, उलटा केला. खुणा वाचायची सवय.

"हा सात वर्षांच्या मुलाचा दात आहे," ती म्हणाली. "त्या पेटीतलं सगळंच पुढच्या सालचं असतं. मी छबूच्या नावाची वाटी पाठवली होती, तिच्यात उत्तर आलंय. मी त्याचा अर्थ लावते तो असा, की छबू सात वर्षांची होईल. तुम्हाला दुसरा लावायचा असेल तर लावा. पण पोरगी माझ्या हातून काढून घ्यावी लागेल, मी देणार नाही."

राधाकिशननं दाताकडं पाहिलं, छबूकडं पाहिलं. मग राधाकिशननं कुंची खाली ठेवली. भारत तसाच, पाणीही न घेता, रिकामा छकडा घेऊन माघारी गेला, आणि तो छकडा वळणाआड होईपर्यंत वत्सला दारातून हलली नाही.

यादी लिहिली गेली. चार नग, सालं वहीप्रमाणे. पेटी पुन्हा लाख लावून कोठारात गेली. पुढं दोन वर्षांनी राधाकिशनची बदली सिरसाळ्याला झाली. सासूबाईंनी वत्सलेशी बोलणं टाकलं ते टाकलंच. छबू मात्र पळायला, बोलायला, उलट बोलायला लागली. दात वत्सलेनं त्याच वाटीत, फडक्यात बांधून, ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. सात वर्षं पोरीला ताप आला तरी ती वाटी नाकाशी धरायला तिनं ट्रंक उघडली नाही.

छबूला आठवं लागल्यावरची गोष्ट. ती जोत्यावरून पडली आणि पुढच्या दाताचा टवका उडाला. चौथ्या दिवशी तो दात हलला आणि तिच्या हातात आला. रीतीप्रमाणे शेणात घालून छपरावर टाकायला पोरगी नाचत परसात गेली, आणि लगेच रिकामी मूठ घेऊन परत आली.

"आई, आत्ता होता हातात."

घरादारानं परस धुंडाळलं. वत्सलेनं धुंडाळलं नाही. ती आत गेली. ट्रंक उघडली, वाटी काढली, फडकं सोडलं. दात तोच होता, कोपऱ्याचा टवका तसाच तिरका. फक्त सात वर्षं कोरडा असलेल्या त्या दाताच्या मुळाशी आता ओलं रक्त होतं.

तिनं ते रक्त पदरानं टिपलं. सात वर्षांचा शब्द मिळाला होता, तो आज पुरा झाला. पुढचं वाटीत काही नव्हतं, ते पुन्हा मागून घ्यावं लागणार होतं.

मग तिनं दात शेणाच्या गोळीत घातला आणि छबूच्या हातानं छपरावर टाकवला. राधाकिशनला सांगितलं, गाडी सांगा, नाक्याच्या लिंबापाशी जायचंय, आणि छबू माझ्याबरोबर येईल. त्यानं कारण विचारलं नाही.

वाटी घासून पुसली. सवयीनं पालथी केली. कलत्या पोटाचा 'छ' होता, आणि त्याच्याशेजारी, जिथं सात वर्षांपूर्वी नुसती चांदी होती, तिथं एका पायावर उभा करकोचा होता. भोवतीची चौकट तिच्या ओळखीची नव्हती. तिनं वही आणून शेवटच्या पानापर्यंत पाहिली. वही सन चौदाला संपत होती.

तिनं वाटी सरळ केली आणि साखरेनं शिगोशीग भरली.